फिल्टरमधलं रबर

"भाभी, तुमच्या दुकानातला फिल्टर लावल्यापासून इंजिन रोज सकाळी खडखडतंय." सिद्राम गावड्यानं जीपचा ऑइल फिल्टर काउंटरवर आदळला. "उद्या डायलिसिसचे तीन पेशंट बेळगावला न्यायचेत. वाटेत जीप बंद पडली तर?"

जैतुनबीनं फिल्टर उचलला. करवत घेऊन तिनं फिल्टरचा पत्रा कापला. आतलं रबर हाताला लागलं आणि तिचा चेहरा उतरला. गाडी बंद असताना ऑइल फिल्टरमध्ये धरून ठेवायचं काम या रबराचं. ते मऊच हवं. हे पुठ्ठ्यासारखं कडक होतं. रात्रभरात ऑइल खाली उतरायचं आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडंच फिरायचं.

"माल नकली आहे, सिद्रामभाऊ. मी तपासून घ्यायला हवा होता."

तिनं फळीवरचे सगळे फिल्टर खाली काढले. एकेकाच्या भोकात काडी घालून ती रबर दाबून बघू लागली. सातवा मऊ लागला. सिद्रामनं तो तिथंच बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती त्याच्या दारात उभी होती. सिद्रामनं चावी फिरवली. दोघांचेही डोळे ऑइलच्या लाल दिव्यावर खिळले. इंजिन सुरू झालं, तसा दिवा विझला. खडखड झालीच नाही.

सिद्राम मोकळा हसला. जैतुनबी मात्र न हसताच पुढच्या सीटवर चढून बसली.

"मला वाटेत शिनोळीला, पहिल्या गिऱ्हाइकाकडे सोडा," ती म्हणाली. "तसलेच फिल्टर अजून अकरा जणांना विकलेत मी."