सत्कारमूर्ती

फोन आला तेव्हा स्नेहलच्या डोक्यावर फेटा बांधून झाला होता आणि आमदारसाहेब अजून यायचे होते.

फोन तिच्या बापाच्या, कुंडलिकच्या खिशात. स्पीकर नुसता ठणाणत होता, म्हणून तो एका कानात बोट घालून मांडवामागं गेला. पुण्याहून अश्विनी मॅडम बोलत होत्या, स्नेहलला टेनिस शिकवणाऱ्या.

"कुंडलिकराव, इथल्या स्पर्धेतली एक मुलगी आजारी पडलीय. तिच्या जागी आपली स्नेहल! पण सहाच्या आत तिनं स्वतः इथं येऊन सही करायची. नाहीतर यादीतल्या तिच्या मागचीला घेतील. आत्ता निघा."

"निघालोच, मॅडम!"

राज्याची चॅम्पियन झाली होती पोरगी, त्याचाच तर आज सत्कार. पण पुण्यातली ही स्पर्धा देशोदेशीच्या मुलींची. परदेशी कॉलेजांची माणसं तिथं खेळ बघायला येतात, आवडेल तिला घेऊन जातात, शिक्षणासकट. आणि स्नेहलला यंदा अठरा पुरी झालेली, पुढच्या महिन्यात वर्ष सरणार. मग ह्या मुलींच्या गटाचं दार कायमचं बंद.

विंझरहून पुणं काही दिल्ली नाही. दुपार नुकती कलली होती. टेम्पो मांडवामागंच उभा, किल्ली खिशात. पोरीचा हात धरायचा आणि निघायचं, एवढंच काम. पण साधं कामसुद्धा चारचौघांसमोर करायचं म्हटलं की माणसाचे पाय जड होतात बघा.

तो सरपंचांच्या, गेनबाआण्णांच्या खुर्चीशी जाऊन वाकला. "आण्णा, पोरीला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायला पायजे. मॅच मिळालीया."

"आत्ता? आरं, साहेब शिवऱ्यात आलेत!"

"सहाला हजर व्हायचंय, आण्णा."

"मग हार घालून घे, नारळ घे आन सूट. कोण धरून ठेवतंय तुला? साहेब काय माज्यासाठी येत्यात व्हय?" आण्णांनी आवाज उतरवला. "आन ह्ये बघ, आज पक्क्या कोर्टाचं वदवून घेणार हाय मी त्यांच्याकडनं. जिच्यासाठी बोलावलं तीच खुर्चीवर न्हाई म्हटल्यावर काय देत्यात, डोंबल?"

कुंडलिकची नजर शाळेकडं गेली. शाळेमागचं मुरमाचं कोर्ट गावानंच केलेलं. बायकांनी पाणी मारलं, गड्यांनी रोलर ओढला. त्याच मुरमावर गुडघे फोडून घेत स्नेहल मोठी झाली. त्या गावाला पाठ दाखवून कसं उठायचं?

स्नेहल व्यासपीठावरून खाली वाकली. "मॅडमचा होता ना? मिळाली जागा?"

त्यानं मान हलवली. ती ताडकन उभी राहिली. "चला की मग, पप्पा!"

"बस जरा. साहेब शिवऱ्यात आलेत."

"साहेबांचं काय खरं असतं का? चला तुम्ही."

"बस म्हणतो ना! गाव उन्हात बसलंय तुज्यापायी."

ती बसली. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारी पोर, पण मॅच हातातून जात असतानाही स्वतःच्या बापाचं ऐकून गुमान खाली बसली. कुंडलिकला ते बरं वाटलं नाही.

साहेब शिवऱ्यात आले ते शिवऱ्यातच राहिले. तिथं कुणाच्या तरी हॉटेलाची फीत कापायची निघाली. मग नसरापुरात कार्यकर्त्यांनी गाडी अडवून चहाला नेलं. दर थोड्या वेळानं माइकवरचा बंडू ओरडायचा, "साहेबांचं आगमन होत आहे, कुणीही जागा सोडू नये!" आणि कुंडलिक स्वतःला सांगायचा, आता एवढा वेळ थांबलोय, अजून थोडं. टेम्पो दाबून मारू.

मॅडमचा पुन्हा फोन आला. "कुठपर्यंत पोचलात?"

"वाटंतच हाय, मॅडम," तो म्हणाला.

असं का बोलला, त्याचं त्यालाच कळेना. स्वतःची शरम वाटली. तरी जागचा हलला नाही तो नाहीच. आणि बघता बघता ऊन मांडवाच्या कडेवरून डोंगराकडं सरकलं. आता विमान असतं तरी उपयोग नव्हता. हे त्याला कळलं, तशी त्यानं वर व्यासपीठाकडं बघायचंच सोडून दिलं.

मग साहेब आले. फटाके वाजले, पोरं नाचली. साहेब छान बोलले, त्यात खोट काढायला जागा नाही. राजगडाच्या पायथ्याची ही वाघीण जग जिंकणार म्हणाले. पक्कं कोर्ट मंजूर केलं, आणि त्याला नावही स्नेहलचंच दिलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. आण्णांनी खुर्चीतूनच कुंडलिककडं बघून मिशीवर हात फिरवला. कुंडलिकनंही टाळ्या वाजवल्या.

खिशात मोबाईल थरथरला. मॅडमचा मेसेज होता, एवढाच: 'दुसरीला घेतलं.'

त्यानं मान वर केली तर स्नेहल त्याच्याकडंच बघत होती. वाचून दाखवायची गरज पडली नाही. ती रडली असती, चिडली असती, तर त्याला सोसलं असतं. ती शाल सावरून नीट बसली.

साहेबांनी नारळ दिला, पाठीवर थाप मारली आणि माइक तिच्यापुढं धरला. "सांग बेटा, आता पुढची मॅच कधी?"

 स्नेहल खाली बापाकडं बघत राहिली. ती कुठं बघते म्हणून साहेबांनी बघितलं, आण्णांनी बघितलं, सगळा मांडव वळून कुंडलिककडं बघायला लागला.

कुंडलिक उठला. हात जोडले. आणि हसला.

"तुमी म्हणाल तवा, साहेब."