दोन शेपट्यांचं विमान

शेपटीवरून जुनं विमान ओळखण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. तो सुट्टीला घरी आल्यावर वडिलांनी ट्रंकेत जपलेला फोटो त्याच्यापुढे धरला. "ओळख बघू." "दोन शेपट्या, मध्येच वाकलेले पंख, इंजिन पाठीवर. बाबा, अशी बोटांवर मोजण्याइतकीच बनली." वडील खुर्चीत पुढे सरकले. "आणखी काय दिसतंय?" "पुढचं चाक दिसलं असतं, पण हा कोण टिकोजीराव नेमका तिथेच कडमडलाय. ह्याला कापून टाकलं, की फोटो माझ्या संग्रहात शोभेल." चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. "अरे, बाबा आहेत ते. लग्नाआधी हँगरमध्ये कामाला होते." त्याने पुन्हा पाहिलं. त्याच्यासारखेच सुपाएवढे कान. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. वडिलांनी फोटो बाहीने पुसला. "खरंय. मीच जरा बाजूला उभं राहायला हवं होतं."