चार शंखांसाठी अर्ज

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मटारची पुढची शेंग फोडली.

तिने पानं पुन्हा जुळवून घेतली. सात पानांचा अर्ज नुकताच वाचून झाला होता. चांगली वीस मिनिटं लागली होती आणि तेवढ्या वेळात बाईंनी मान डोलावली नव्हती, की साधं हूं केलं नव्हतं. नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. हात आपले मटार सोलत होते, त्यांच्याकडे बघायची बाईंना गरजच नव्हती.

परदेशी जाऊन संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीची ती शिष्यवृत्ती होती. विमानाचं भाडं, सहा महिने राहण्याचा खर्च, सगळं त्यातच. याआधी तिने दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा दोन ओळींचा नकार आला होता. यंदाची ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. उद्या दुपारपर्यंत अर्ज पोचता करायचा होता आणि आज सकाळी सरांनी तो वाचून परत तिच्याच हातात ठेवला होता. "चुका काही नाहीत. आता बाईंसमोर वाचून ये."

बाई म्हणजे विभागाच्या जुन्या हेडक्लार्क. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांनी हात लावलेल्या अर्जांवर अर्धा विभाग जग बघून आला, अशी त्यांची ख्याती. सर स्वतः त्यातलेच. "गप्पा मारत बसू नकोस," सरांनी बजावलं होतं. "समोर बसायचं आणि वाचायचं. झालं म्हणाल्या की उठायचं." सरांचा प्रत्येक विद्यार्थी हे करून आला होता. का, ते कोणी विचारत नसे. विभागात अशा पुष्कळ गोष्टी न विचारता चालत.

तिने दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. 'प्रस्तुत संशोधनात मृदुकाय प्राण्यांच्या कवचरचनेचे तुलनात्मक विश्लेषण अपेक्षित असून...' तिसऱ्या पानावर तिचं तिलाच कंटाळवाणं वाटू लागलं. तिने थांबून विचारलं, "बाई, नक्की कुठे अडतंय?" बाई टोपलीत वाकून किडक्या शेंगा बाजूला काढत होत्या. त्यांनी उत्तर द्यायची तसदीसुद्धा घेतली नाही. भलत्याच शिष्ट आहेत, असं मनात म्हणत तिने कसंबसं सातवं पान संपवलं.

"पुन्हा."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. विभागात तिला सगळे 'गोगलगाय' म्हणत. विषय तोच आणि, टवाळांच्या मते, प्रबंधाचा वेगही तोच. पण गोगलगाय असली म्हणून तिलाही राग होताच की! तिने सातही पानं स्टुलावर आपटली.

"काय पुन्हा? चार शंख आहेत, बाई! एवढे एवढे, माझ्या करंगळीच्या नखाएवढे. दीडशे वर्षांपूर्वी एक प्रवासी आपल्या तळ्यातून घेऊन गेला. ते तिकडच्या संग्रहालयात एका खोक्यात पडून आहेत. आपलं तळं तर कधीच बुजवलं, आता तिथे बस डेपो आहे. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय, ती गोगलगाय संपली. आणि ती संपलेली नाही! माझ्या घरामागे नाला आहे, तिथल्या दगडाखाली मला सापडलीय. तीच आहे. मला माहितीये तीच आहे! पण मला वाटतं म्हणून कोण ऐकणार? शंखाच्या तोंडाशी आतून बारीक रेघा असतात, त्या फोटोत दिसत नाहीत. संग्रहालय ते शंख बाहेर पाठवत नाही. आपले शंख घेऊन तिथे जायचं, शेजारी ठेवायचे आणि बघायचं, एवढंच करायचंय मला. आणि नाला पुढच्या वर्षी बुजवणार आहेत. संपली असं एकदा तिच्याबद्दल लिहून झालंय, या वेळी ते खरं होईल."

तिचे डोळे भरून आले होते. आपण बोलता बोलता उभ्या राहिलो, हेही तिला आत्ता कळलं. तिला भयंकर लाज वाटली.

बाईंनी मटारचं भांडं खाली ठेवलं.

"झालं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आत्ता कागदात न बघता जे बोललीस ना, ते पहिल्या पानावर लिही. एक शब्द बदलू नकोस."

तिने घरी जाऊन तसंच लिहिलं. मृदुकाय प्राणी सातव्या पानावर गेले.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. या वेळी दोन ओळी नव्हत्या, दोन पानं होती. शिष्यवृत्ती पूर्ण मंजूर झाली होती. नाल्याचं काम वर्षभर थांबवावं म्हणून शिष्यवृत्तीच्या समितीने नगरपालिकेलाही लिहिलं होतं. आनंदाने तिला काय करू नि काय नको असं झालं. तिने आईला मिठी मारली, मग सरांकडून बाईंच्या घरचा नंबर घेतला. फोन त्यांच्या सुनेने उचलला.

"बाईंना द्या ना जरा. माझी निवड झाली! त्यांनी माझा अर्ज तीनदा ऐकला होता."

"तीनदा? म्हणजे उभं राहून भांडून गेलात, त्या तुम्ही?" सून हसली. "थांबा, पाटीवर लिहून दाखवते त्यांना. नऊ वर्षं झाली, आईंना अजिबात ऐकू येत नाही."

तिने हातातलं पत्र खाली ठेवलं.

"पण त्या दिवशी तुम्ही जिना उतरत होतात, तेव्हाच मला म्हणाल्या," सून सांगत होती, "कुठे जायचंय आणि कशाला, ते काही कळलं नाही, पण ही पोरगी जाणार."