चिनी सेनापतीचा घोडा

"हा आमच्या सेनापतींचा घोडाच नव्हे," वारलेल्या सेनापतींसोबत खऱ्याऐवजी पुरायला बनवलेल्या मातीच्या घोड्याभोवती फिरत कारभारी म्हणाला. "खऱ्याचा डावा कान तुटका आहे. थडग्यात मालक ओळखणार कसे? राहू दे, खराच पुरू."

"शोभेसाठी अख्खा केला, मायबाप," कुंभार पुटपुटला.

वीस वर्षं खऱ्या घोड्याला खरारा करणारा मोतद्दार पुढे झाला. त्याने मातीच्या डाव्या कानाचं टोक मोडलं.

कारभाऱ्याने डोळे बारीक केले. "हां, आता तोच वाटतोय. हाच पुरा."

मोतद्दाराने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात कारभारी त्याच्याकडे वळला. "पण तिकडे याला चारा कोण घालणार?"

कुंभाराने ताबडतोब ओली माती उचलली आणि मोतद्दाराचा चेहरा निरखला. "नाक जरा सरळ करू का?"

"खबरदार!" मोतद्दार ओरडला. "वाकडं आहे तसंच ठेव!"