दुसरं निवेदन

"गळती किरकोळ आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, घरातच थांबावं."

एवढं वाचून जनसंपर्क अधिकारी माइकपासून बाजूला झाली. आवाज जराही हलला नव्हता. कारखान्याचे संचालक तिच्या कानाशी पुटपुटले, "झकास. आता बोंबाबोंब होणार नाही."

सुरक्षा अधिकाऱ्याने मात्र दोघांनाही आधीच बजावलं होतं, वायू थांबत नाहीये, वारा मागच्या वस्तीकडे वळलाय, माणसं हलवा. संकट आलं की पहिल्या तासातच खरं सांगून मोकळं व्हा, असं ती हाताखालच्यांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती. आणि आज संचालकांनी बदललेला मजकूर तिनेच मुकाट्याने वाचला होता.

फोन थरथरला. सासूबाई.

"टीव्हीवर पाहिलं गं तुला! दवाखान्यातून परस्पर आपल्या जुन्या वस्तीत आले होते, मैत्रिणीकडे. इथे सगळे बोचकी बांधून निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, माझी सून खोटं बोलायची नाही."

जुनी वस्ती म्हणजे कारखान्याच्या मागचीच.

"आई, निघा! आत्ताच्या आत्ता. मी खोटं बोलले."

पलीकडून कोरड्या आवाजात उत्तर आलं, "थांबा म्हणून मी सांगितलंय सगळ्यांना. आता निघा म्हणायलाही मलाच दारोदार जायला हवं." फोन बंद झाला.

ती वळली. संचालकांनी तिचा दंड धरला. "निवेदन फिरवलंत तर कारखान्याला टाळं लागेल."

"लागू दे." तिने हात झटकला आणि माइक ओढून घेतला. "मघाशी वाचलं ते खोटं होतं. कारखान्यामागच्या सगळ्यांनी घरं सोडा. असाल तसे पुलाकडे निघा."

एका वार्ताहराने विचारलं, "मघाचं खोटं, मग आत्ताचं खरं कशावरून?"

"माझी सासू तिथे दारं ठोठावत फिरतेय."

वार्ताहराने कॅमेरा सुरूच ठेवायची खूण केली.

वस्ती बाहेर पडली. सासूबाई तिला पुलावर भेटल्या, धापा टाकत, मैत्रिणीच्या खांद्यावर भार देऊन. डोळे लालभडक. तिने धावत जाऊन त्यांना मिठी मारली, पण त्यांचे हात काही वर आले नाहीत.

"कोपऱ्यावरचं म्हातारं जोडपं राहिलं गं," त्या म्हणाल्या. "हात सोलून निघाला, दार उघडलं नाही. अग्निशमनवाल्यांनी तोडलं, तेव्हा दोघंही गेलेले होते. 'सूनबाई सांगतेय ना, मग पडतो जरा निवांत,' म्हणाले होते मला. टीव्ही बंद करून आडवे झाले होते."