पंचांच्या पाठीमागे

डार्सीची बोटं थरथरायची, म्हणून मार्सेल त्याच्या शर्टाची बटणं लावत होता. दुपारी कॅनडातल्या सस्काटूनच्या रिंकवर, त्यांच्या जुन्या बर्फाच्या मैदानावर, मार्सेलचा सत्कार होता. आइस हॉकीत एकाच संघातून अकरा वर्षं मार्सेल गोल करायचा आणि त्याला कुणी धक्का दिला, की डार्सी हातमोजे फेकून भिडायचा. एका मारामारीत प्रतिस्पर्धी बर्गस्ट्रॉमचा डोळा गेला आणि डार्सी कसाई ठरला. आज मार्सेलला राहवलं नाही. “त्या दिवशी पंचांची पाठ वळताच मीच आधी त्याच्या बरगड्यांत स्टिक खुपसली होती.” “पाहिलं होतं मी,” डार्सी म्हणाला. “मग बोलला का नाहीस?” “तुला सांभाळणं माझं काम होतं. दर नाताळला मी बर्गस्ट्रॉमची माफी मागायला जातो. तो म्हणतो, आधी मार्सेलनं मारलं. मी म्हणतो, मला दिसलं नाही. या वर्षी तू चल, गड्या. मला आता खोटं बोलवत नाही.”