कललेल्या खडकापाशी

कललेल्या खडकापाशी ती नव्हती.

चष्मेवाल्याने यान उतरवलं, खडकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सावली बघून उभा राहिला. वर दोन चंद्र होते. जमीन नारिंगी होती. बाकी जिकडे बघावं तिकडे दगड. ‘या ग्रहावर पाऊल ठेवणारे पहिले तुम्हीच,’ अशी अक्षरं पडद्यावर उमटली. ‘ग्रहाला नाव द्या.’

या गेमकडे लोक वर्षानुवर्षं डोळे लावून बसले होते. अख्खं विश्व मोकळं, मनाला येईल तिथे जा, आणि सगळे खेळाडू एकाच आकाशाखाली, असा कंपनीचा शब्द होता. चष्मेवाल्याची आणि बायकोची ओळखही या गेमच्या चाहत्यांच्या गटातच झाली, अर्थात भांडणातून. पहिल्या जाहिरातीच्या चित्रात हा खडक होता. चित्राच्या कोपऱ्यात ग्रहाचा पत्ता होता, आणि तो इतक्या बारीक अक्षरांत होता की या दोघांशिवाय कोणी वाचला नाही. गेम आला की तिथेच भेटायचं, हे तेव्हाच ठरलं. मग कंपनी तारखा पुढे ढकलत राहिली. मधल्या काळात लग्न उरकलं. शेवटी या शनिवारी सकाळी गेम आला, तेव्हा घरात अबोला होता.

अबोल्याचं कारण एक वाक्य. बायको दातांची डॉक्टर. तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. जाऊ का, असं तिने विचारलं. तिने निर्धास्त जावं म्हणून तो म्हणाला, “जा की. तुझ्यावाचून इथे काही अडत नाही.” आपण काय बोलून बसलो ते त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या दिवसापासून ती धाकट्या खोलीत झोपू लागली. तोंड उघडं असूनही न बोलणारी माणसं बघण्यात तिचा रोजचा दिवस जायचा, त्यामुळे अबोला तिला चांगलाच मानवला. अगदी नड पडली तर दोघं फ्रीजशी बोलत. “काही लोकांनी दूध संपवलंय,” ती फ्रीजला सांगे. “काही लोकांनी आणूनही ठेवलंय,” तो फ्रीजला सांगे. लेकी बोले सुने लागे. यांना लेक नव्हती, म्हणून फ्रीज.

आज संध्याकाळच्या गाडीने ती दवाखाना नुसता बघायला जाणार होती. दाराशी ठेवलेली बॅग मात्र नुसतं बघायला जाणाऱ्या माणसाची नव्हती. चष्मेवाल्याने ती उचलून पाहिली होती.

सकाळीच धाकट्या खोलीतून गेमचं संगीत ऐकू आलं होतं. म्हणजे ती खेळत होती. म्हणजे ती येणार. त्याने पुष्कळ विचार करून ग्रहाला नाव दिलं, ‘अडतंय’. ती उतरली की तिला ते दिसेल, आणि आपण आधी बोललो असंही होणार नाही.

एक चंद्र मावळला. मोबाइलवर जगभरातून बोंब सुरू झाली होती. बडा घर पोकळ वासा, नुसते दगड आणि धूळ, आमचे पैसे परत करा. चष्मेवाल्याची दगडांबद्दल काही तक्रार नव्हती. एवढ्या मोठ्या विश्वाकडून त्याची एका माणसाचीच अपेक्षा होती.

दुसराही चंद्र मावळला. तिला यायचंच नव्हतं. पाणी प्यावं म्हणून तो उठला.

धाकट्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चाळिशी लागल्यापासून चष्मेवाल्याला जवळचं धड दिसत नसे, पण लांबचं चोख दिसे. तिच्या पडद्यावर नारिंगी जमीन होती. कललेला खडक होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. वर ग्रहाचं नाव झळकत होतं, ‘थांब म्हण’.

एकच आकाश वगैरे सगळ्या थापा होत्या. कंपनीने ज्याला त्याला ज्याचं त्याचं विश्व देऊन वाटेला लावलं होतं. तो सकाळपासून उभा होता तिथेच तीही सकाळपासून उभी होती.

“थांब,” तो म्हणाला.

तिने मान वळवली नाही. “आधी कोण बोललं?”

“तू. वर लिहिलंयस की.”

“लिहिलेलं धरायचं नाही.”

“मग माझंही धरू नकोस. पण ये, बघून घे.”

ती आली. त्याच्या पडद्यावरचं नाव तिने वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“काय अडतंय?”

“सगळंच,” तो म्हणाला.

मग ती रडली. तोही थोडा रडला. संध्याकाळची गाडी गेली. मोठी बॅग रिकामी करून तिने लहान बॅग भरली, आणि त्यात त्याचेही दोन शर्ट टाकले. दवाखाना बघायला उद्या दोघंही जाणार होते. तेवढ्यात तो गेमवर अभिप्राय लिहायला बसला. ती मागून वाकून बघू लागली.

“पाच तारे? शुद्धीवर आहेस ना? सगळं जग एक देतंय. आपण तिथे एकमेकांना दिसलोसुद्धा नाही.”

“म्हणूनच तर,” चष्मेवाला म्हणाला. “तू तिथे दिसली असतीस, तर मी खुर्चीवरून उठलोच नसतो.”